मेंढा पडावा आणि मनगट टिकावं

…मी म्हणते, बोलायचंच होतं तर वाक्य पुरं तरी करायचं ना! कोऑपच्या दुकानात मी कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे उभी… लपले नव्हते हो, पोत्याची शिवण तपासत होते… आणि तिकडे काउंटरवर दुकानवाला ऑर्विन कुणाला तरी हळूच सांगतोय, "अगदी खरं! अर्लिस शेडमध्ये बसून सेल्मरच्या काडतुसांत दारू कमी भरते, आणि त्या बिचाऱ्याला यातलं…" आणि तेवढ्यात माझं कोपर लागून पोतं घसरलं. झालं! "अरे, डोरीन! गव्हाला पाऊस हवा, नाही का?" पाऊस? त्या बिचाऱ्याला यातलं काय? मी आपलं विचारलं फक्त, तर म्हणतो, "कशातलं काय?"

तुम्हीच सांगा, असं अर्धं वाक्य घेऊन माणसानं घरी जायचं कसं? झोप लागते का?

आणि सेल्मर ब्रेक्के काही परका नाही. त्याच्या आणि आमच्या घरांमध्ये एक कुंपण, तेही मोडकं. अर्लिस त्याची बायको. मार्चमध्ये एका अडलेल्या गाईनं सेल्मरचं मनगट फाटकावर असं दाबलं, की डॉक्टरांनी आत खिळाच बसवला. आणि या माणसाचा जीव कशात, तर आईच्या रिव्हॉल्व्हरमध्ये! त्याची आई याच माळावर मेंढ्या राखायची, कमरेला ते लावून. दर सप्टेंबरात गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत लोखंडी मेंढे उभे करतात, आणि सेल्मर त्यांना त्याच रिव्हॉल्व्हरनं पाडतो. नुसती गोळी लागून भागत नाही हां, मेंढा आडवा व्हावा लागतो! पण यंदा दुकानातली काडतुसं घातली, की गोळी सुटताना मनगटाला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीनं हा गडी आधीच डोळे मिटतो… गोळी थेट कॅनडात. चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणाला, "यंदा मेंढे पडले नाहीत तर रिव्हॉल्व्हर पुतण्याला देऊन टाकतो. ठेवू दे काचेच्या कपाटात." अर्लिस नुसती हातमोजे ओढत राहिली.

आता जुळवा तुम्ही! दारू कमी, म्हणजे धक्का कमी. बायको दारू कमी भरते, आणि त्या बिचाऱ्याला यातलं… काही माहीत नाही! दुसरं काय असणार?

मी ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून 'पाय' भाजला, कॉफी घेतली आणि गेले. शेडची दारं सताड उघडी, पंखा सुरू, आणि अर्लिस चामड्याचे मोजे नि डोळ्यांवर चष्मा चढवून भांड्यात शिसं वितळवतेय. टायरवाल्याकडून आणलेली, चाकांना ठोकतात ती जुनी वजनं!

"तिथंच थांब! ती कॉफी बाहेर!"

"अगं, गरम आहे, तुझ्यासाठीच…"

"डोरीन, या शिशात पाण्याचा एक थेंब पडला, तर शिसं छपराला आणि आपण दोघी त्याच्याखाली."

कॉफी बाहेर. "आणि ऱ्हुबार्बचा पाय?"

"शिशाच्या हातानं खायचं? तोही बाहेर."

मी आपलं विचारलं फक्त!

पण काय सांगू तुम्हाला ते काम! पळीनं शिसं साच्यात ओतायचं, क्षणभर थांबायचं, साचा उघडला की गोळी टॉवेलवर टप्पकन… चांदीची मनुकाच जणू! मी म्हणतेय 'वा', आणि ही एकेक उचलून बघतेय. "ही सुरकुतली, साचा थंड होता." परत भांड्यात. "हिच्या बुडाला खळगा." परत भांड्यात! अहो, इतकं पारखून मी नवरासुद्धा केला नाही.

पुढच्या खेपेला दारू भरायचं चाललं होतं. भोकांच्या फळीवर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उभ्या, आणि ही तराजूवर तोलून एकेकीत चिमूटभर दारू घालतेय. मी म्हटलं, "अर्लिस, त्या मेथडिस्टांच्या पाद्र्याचं ऐकलंस का?" तिनं हात थांबवला. एक पुंगळी उचलली, दारू परत डब्यात. दुसरी उचलली, परत डब्यात. अख्खी फळी रिकामी!

"आता काय झालं?"

"तू बोललीस."

"मग?"

"मग कुणात एकदा पडली आणि कुणात दोनदा, हे मला छातीठोक सांगता येत नाही. दारू एवढीशीच आहे गं. दुप्पट पडली तरी पुंगळीत मुकाट मावते, वर येत नाही. आणि ती दुप्पट सेल्मरच्या हातात फुटते."

बाई गं! पुन्हा पहिल्यापासून सुरू. फळी निम्मी भरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आत डोकावून कळत नाही का?"

"कळतं. शेवटी बॅटरीचा उजेड टाकून प्रत्येकीत बघतेच. पण आधी लक्ष, मग बॅटरी. दोन्ही." आणि… दारू परत डब्यात!

मी आपलं विचारलं फक्त! पण त्यानंतर मी ओठ मिटले. मी! जिनं पित्ताशय काढताना भूल चढत असतानाही डॉक्टरला त्याच्या सासूचं विचारलं होतं!

तुम्हाला वाटेल, कमीच भरायची तर टाक की उगीच नावाला. मलाही वाटलं. तर तसंही नाही! फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी आली की बंदुकीचे तुकडे. म्हणून काडतुसं भरायच्या पुस्तकात त्या गोळीसाठी दिलेल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात, आणि मग कणाकणानं वर. उडी मारायची नाही.

आणि उडवून कुणी बघायचं? "मी भरलंय ना," म्हणाली, "मग आधी माझ्या हातात." बघा ही बाई! मला दुर्बीण दिली. "तुझे डोळे एरवी दुसऱ्यांच्या खिडक्यांत असतात, आज मेंढ्यावर ठेव." टोमणा होता, पण काम मानाचं होतं, मी घेतलं.

खाणीत एक मेंढा उभा केला. पहिल्या मापाला टण्ण! गोळी बरोबर लागली, मेंढा जागचा हलेना. आमचा दीरच तो, ऐकू सगळं येतं, उठायचं नाव नाही. थोडं वाढवलं, तर डुलला. आणखी थोडं… पडला! अजून एक पायरी चढून बघितली, तर पडला खरा, पण नळीत शिशाचा थर बसला. अर्लिस सबंध दुपार ब्रश घेऊन नळी घासत बसली आणि एक पायरी खाली आली. "इथं. इथंच थांबायचं."

"भर की अजून थोडी, धाडकन पडेल!"

"मेंढाही पडेल आणि मनगटही."

मी तिचा हात धरला. "सेल्मरला माझ्याकडून एक अक्षर कळणार नाही. शपथ!" तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "डोरीन, तू गप्प राहिलीस तर फार बरं होईल."

अख्खा उन्हाळा! अहो, पोट फुगलं माझं! सेल्मर कुंपणावरून विचारायचा, "बरं नाही का गं डोरीन? हल्ली बोलत नाहीस?" मी आपली मान हलवायची आणि घरात पळायची.

सप्टेंबर उजाडला. सेल्मर उभा राहिला, दोन्ही हातांत आईचं रिव्हॉल्व्हर, आणि डोळे… उघडे! टण्ण, पडला. टण्ण, पडला. एकामागून एक! शेवटचा मागे कलला, पुन्हा सरळ झाला, जरा विचार केल्यासारखा थांबला… आणि गेला! मी रडले, सांगायला लाज कसली. सेल्मर मनगट चोळत आला आणि अर्लिसला म्हणतो कसा, "बरोबर माप धरलंस. मी म्हणालो होतो ना, आणखी खाली उतरू नकोस!"

मी उडालेच. "तुला माहीत होतं?"

"अगं, मीच तिला भरायला सांगितलं! मनगट माझं, धक्का मला बसणार, आणि मला कळणार नाही?"

मी तशीच ऑर्विनकडे. "तू तर म्हणत होतास, त्या बिचाऱ्याला यातलं…"

"…काही माहीत नाही. मला वाटलं तसं. कमी भरते एवढं खरं होतं ना? बाकीचं मी कशाला विचारत बसू? गावात विचारायचं काम तुझं!"

आता माझा मोर्चा अर्लिसकडे. "मग मला सांगितलं का नाहीस, की याला ठाऊक आहे?"

"तू विचारलं नाहीस."

बोला आता! पाद्र्याचं विचारलं, पुंगळ्यांचं विचारलं, आणि नेमकं हेच राहिलं! जन्मात एकदा तोंड मिटलं, तेही ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्यासमोर. वर सेल्मर सगळ्यांदेखत म्हणतो, "आभार डोरीनचे! तिनं तोंड मिटलं म्हणून अर्लिसला नीट मोजता आलं."

म्हणजे मेंढे पाडण्यात माझा वाटा काय, तर मी बोलले नाही! लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या हो त्याला.