सलगम आणि उजवा खांदा

—नाही नाही, पान उलटू नका, मासा पहिल्याच पानावर आहे, वरून तिसरा, तोच मागवा. आता तुमचं पोट, तुमची जीभ, मी कोण सांगणारा—पण दुपारच्या गर्दीत तुम्हाला नेमकी माझ्या टेबलावर जागा मिळाली, म्हणजे मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार, त्याला इलाज नाही. ते सूप म्हणताय? सूप बरं आहे. पण सूप काय, तहान लागली म्हणून प्यायचं. मासा इथला—थांबा, असं समोर नका बसू, इकडे माझ्या उजव्या हाताला या, या बाकावर. हां. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते आणि वासही येतो. आला? कांदा नाही हो, कांद्याच्या मागे. मिरपूड, लिंबू, आणि तव्याच्या कडेला जरा करपलेलं पीठ. ती करपलेली कड म्हणजेच सगळा मासा, मधलं बाकीचं आपलं पोट भरायला.

आता तुम्ही विचाराल, एवढं माहीत आहे तर तुम्ही का नाही मागवत? विचारू नका. म्हणजे विचारा, पण हळू विचारा.

मी काटे दुरुस्त करतो. वजनकाटे. दुकानातले, गोदामातले, हॉटेलांतले. सगळे मला काटेवालेच म्हणतात, तुम्हीही म्हणा. या धंद्याची गंमत अशी की काटा नेहमी मागच्या बाजूला बिघडतो, स्वयंपाकघरात, पिठाच्या पोत्यांपाशी, त्यामुळे या शहरातलं असं एक हॉटेल नाही ज्याच्या पोटात मी शिरलेलो नाही. काटा नीट केला की विचारतात, खाणार का काही? आणि मी आजवर नाही म्हटलेलं नाही. बंदरावर एक आचारी होता, तो मासा इतका पातळ कापायचा की त्यातून समोरच्या बोटीचं नाव वाचता यायचं. मी स्वतः वाचलंय. बरं, नाव नाही, पहिली दोन अक्षरं. आणि टेकडीवर एक बाई पाव भाजायची, तो फोडला की इतकी वाफ निघायची की शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला पाच मिनिटं आंधळा व्हायचा. हसू नका, त्याला भिंत धरून मोरीपर्यंत न्यावं लागलं होतं. हॉटेल ओळखायचं कसं, सांगू? पाटी बघायची नाही, गर्दी बघायची नाही. दारात उभं राहून ऐकायचं. आतला आचारी ओरडत असेल तर पुढे चालू लागायचं. आतून नुसता झाऱ्याचा आवाज येत असेल, आणि माणसं खाली मान घालून जेवत असतील—बसायचं. आणि ज्या ठिकाणी जेवण ताटात मनोऱ्यासारखं रचून देतात तिथे तर पायरी चढायची नाही. जेवण आहे की बांधकाम?

तर असा मी. आणि असा मी गेली कित्येक वर्षं, रोज दुपारी, रोज रात्री, या खांबाला टेकून या खुर्चीवर काय खातो? उकडलेल्या सलगमाचा रस्सा.

हो, सलगम. ते पांढरं, जांभळ्या टोपीचं. तेच.

चव? पावसात भिजलेल्या भिंतीला मीठ लावून चाटा, तशी. नाही, हे अन्यायाचं झालं. भिंतीला निदान चुन्याची चव असते.

हळू हसा. त्या खिडकीत बघा—पण असं सरळ नका बघू, पाणी पिताना बघा. पांढरे केस, डोक्याला फडकं. दिसल्या? त्या मावशी. मालकाची आई. गल्ल्यावर बसलेत ना, जाडसर, सारखे चष्मा पुसतायत, ते मालक. दोघंही माझ्याकडेच बघतायत. आज विशेष बघतायत. का ते सांगतो.

आधी माझं लग्न कसं मोडलं ते ऐका, त्याशिवाय हे कळणार नाही. तरुण होतो, स्थळ चांगलं होतं, मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत, मुलीकडच्यांनी जेवायला बोलावलं. मुलीच्या वडिलांनी प्रेमानं विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, भाताला डाग लागलाय. भात मुलीच्या आईनं केला होता. संपलं. दारापर्यंत सोडायलासुद्धा कुणी आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे जेवणाबद्दल खरं बोलायचं नाही. हॉटेलात जाऊन जेवावं, हवं ते खावं, काटा झुकेल तसं मनातल्या मनात वजन करावं, आणि तोंडानं वा म्हणून उठावं.

मग ही वरची खोली घेतली. तुम्ही आत येताना तो जिना पाहिलात, गल्ल्याच्या बाजूचा? तो माझा. दुसरा जिना नाही. म्हणजे मला जगात कुठेही जायचं असलं तर या टेबलांमधून, गल्ल्यासमोरून, मावशींच्या खिडकीपुढून जावं लागतं. खोली बघायला आलो तेव्हा खिडकीला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, पलंगाचा एक पाय विटेवर. पण खालून मासा तळल्याचा वास आला आणि मी जीभ बाहेर काढून हो म्हटलं. मनात म्हटलं, रोज नुसतं खाली उतरायचं. राजा माणूस. संध्याकाळी उतरलो. मासा संपला होता. सगळं संपलं होतं, राहिला होता फक्त सलगमाचा रस्सा, तो रोजच राहायचा, कारण तो मावशी करायच्या आणि कुणी खायचं नाही. दोन चमचे खाल्ले, तिसरा काही उचलवेना. तेवढ्यात मावशी स्वतः बाहेर आल्या. हात पुसत उभ्या राहिल्या इथे, तुमच्या जागी. नुसत्या ताटाकडे बघत होत्या.

आता मी काय म्हणायचं? भाताला डाग? पहिलाच दिवस, वर सामान आणून टाकलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं—मावशी, वर्षभर माझा हा उजवा खांदा धरला होता, हात वर होत नव्हता, आणि तुमचा हा रस्सा पोटात गेला आणि बघा. आणि केला हात वर. असा सरळ, छताकडे. खांदा माझा ठणठणीत होता हो, कधी शिंकसुद्धा आली नव्हती त्याला. पण थाप मारायची तर पूर्ण मारावी. सगळं हॉटेल बघायला लागलं. मावशींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी न मागता ताट. तिसऱ्या दिवशीही. फळ्यावर नाव लागलं, खांद्याचा रस्सा. हमाल आले गुडघे घेऊन, शिंपी आला पाठ घेऊन, एक मास्तर आले मान धरली म्हणून—आणि त्यांची मान सुटली, आता बोला. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, खरंच? म्हणाले, अगदी खरं, आता दोन्ही बाजूंना वळते. बाकीचे महिना-दोन महिने खाऊन पांगले, जीभ सगळ्यांनाच असते. मी कुठे पांगणार? जिना तिथेच. बाहेर खाऊन आलो तर मावशी जिन्यापाशी थांबवून माझ्या मिशीचा वास घेतात. खरंच घेतात. टेकडीवर गेला होतात, म्हणतात. मिशी काढून पाहिली. तर म्हणाल्या, आजारी दिसताय, आणि दुप्पट वाढलं.

खोली बदला म्हणता? सगळे तेच म्हणतात. सामान बांधलंही होतं एकदा. पण गेल्या हिवाळ्यात मावशी मोरीत घसरल्या, आणि मालकांनी त्यांना काही आठवडे वर ठेवलं, माझ्या समोरच्या खोलीत, आराम म्हणून. खुर्ची, खिडकी, पायांवर शाल. मी जाता-येता बघायचो. त्या हात मांडीवर घेऊन बसायच्या, आणि बोटं चाललेली असायची. अशी. डाव्या हातात सलगम धरल्यासारखं आणि उजव्यानं सोलल्यासारखं. हातात काही नसायचं. मी विचारलं, काय करताय? तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ओळखलंच नाही. मग मी खाली येऊन बोंब ठोकली, खांदा पुन्हा धरला, मला रस्सा पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या हातचा चालणार नाही. त्या दिवशी धरून धरून खाली आणलं त्यांना. भांड्यापाशी उभं केलं. मीठ टाकल्यावर मला म्हणाल्या, काटेवाले, बारीक झालात.

तेव्हापासून एवढंच त्यांचं काम राहिलंय. माझ्या एकट्याचं ताट. बाकी सगळं नवा आचारी करतो, हा मासा त्याचाच. आणि आता मालक—वाईट माणूस नाही हो, आईवर जीव आहे त्याचा—परवा मावशींच्या हातून उकळतं पातेलं निसटलं, पावलावर यायचं ते वीतभर लांब पडलं. सकाळी मला जिन्यात धरून सांगितलं त्यांनी, काटेवाले, माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही एकदा नको म्हणा. आज म्हणा. उद्यापासून तुम्हाला मासा, हवा तेव्हा, करपलेल्या कडेसकट. असं म्हणाले. करपलेल्या कडेसकट. माझं दुखणं त्यांना माहीत आहे हो, इतकी वर्षं गल्ल्यावरून माझं तोंड बघतायत.

आणि मी हो म्हटलंय. म्हणूनच चष्मा पुसतायत.

वाक्यही तयार केलंय. ऐका कसं वाटतं. मावशी, उद्यापासून रस्सा नको, माझा खांदा आता पूर्ण बरा झाला. चांगलं आहे ना? म्हणजे रस्स्याची बदनामी नाही, उलट विजय. त्या खूश, मालक खूश, मी मासा खातोय. आणि भाजलं-बिजलं तर माझ्या माथी नाही. दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं, छान आलं. एकच अडचण आहे. रोज ताट पुसून खाल्लं की मावशी येतात आणि म्हणतात, हात वर करा बघू. रोज. तो करून दाखवल्याशिवाय ताट उचलत नाहीत. आणि या पावसाळ्यापासून माझा हात वर होत नाही.

नाही, खरंच. आता खरंच. खांदा धरलाय. मणामणाचे काटे उचलून म्हणा, वयानं म्हणा. इथवर येतो, बघा, आणि पुढे जीव जातो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जाईल वर्षाभरात. इतके दिवस दात आवळून करतोय वर, डोळ्यांत पाणी येतं, त्यांना वाटतं चवीनं आलं. पण काल अर्ध्यावरच राहिला. मी खोकल्याचं निमित्त करून वेळ मारून नेली. त्यांनी ताट उचललं. पण रात्री माझ्या ताटात सलगम जास्त होतं.

—आला बघा लांब्या. आमचा वाढपी. ठेव रे, इथेच ठेव. यांना मासा. हो, पहिल्या पानावरचा. कड जरा लागू दे म्हणावं. जा.

बघा, हे ते ताट. खातो हं मी. खाताना बोललं की गिळायला सोपं जातं, पण आज बोलायला काही उरलं नाही. थांबा जरा.

. . .

झालं. पाव फिरवला की ताट पुसलं जातं. त्या निघाल्या का? खिडकीतून दिसेनाशा झाल्या म्हणजे निघाल्या. मालकांनी मान वर केली. ऐका, माझं वाक्य काय होतं? मावशी, उद्यापासून—हां, उद्यापासून. आल्याच.

या मावशी. हे पाहुणे, बाहेरगावचे, मी आपला त्यांना तुमच्या रस्स्याबद्दलच सांगत होतो. हो, सगळं संपवलं, बघा ना ताट. मावशी, एक सांगायचं होतं. उद्यापासून—मावशी, हाताला काय लावलंय हे? फडकं कसलं? वाफ लागली? कधी? किती लागली, बघू. बरं, बरं, नाही विचारत. नाही, तेच सांगत होतो. उद्यापासून—

उद्यापासून मीठ चिमूटभर जास्त टाका. हो. आणि पातेलं लांब्याला उतरवू द्या, त्याच्या हाताला वळण लागायला हवं, मीच सांगतो त्याला. एवढंच. दुसरं काही नाही.

हात? करतो की. न करायला काय झालंय—अहो, पाहुणे, कान जरा इकडे करा. तुम्ही. माझ्या पाठीवर शाबासकी दिल्यासारखं करा, आणि तो हात माझ्या कोपराखाली घाला. खाली. आता उचला. हसत उचला. अजून. अजून, मला दुखतंय त्याच्याकडे लक्ष देऊ नका. हं—बघा मावशी. छताला लागला. तुमचाच गुण. डोळ्यांत? मिरपूड. या तुम्ही.

गेल्या? आत गेल्या ना पूर्ण? सोडा आता कोपर. हळू सोडा. मालक बघतायत, बघू देत, तुम्ही वर बघू नका, तुम्हाला काही माहीत नाही. ते बघा, दाराजवळचं टेबल रिकामं झालं. उठा. तुमचा मासा तिकडे पाठवायला सांगतो. माझ्याकडे पाठ करून बसा, आणि जाताना कसा होता ते सांगायला इकडे येऊ नका.