पालखीतली बाळंतीण

मंडळी, खांबाला टेकून बसलेल्यांनी जरा ताठ बसा. खांबाला कीर्तन कळत नाही, आणि टेकणाऱ्याला लगेच झोप लागते!

आज एकच सवाल विचारतो. देवाच्या सगळ्यांत जवळ कोण? हं? बोला की! पुजारी? बरोबर, तो तर गाभाऱ्यातच असतो. ट्रस्टी? — ते फोटोत जवळ असतात! पालखी वाहणारा? त्याच्या तर खांद्यावरच देव! पण उत्तराची घाई नको. आधी ऐका.

घाटमाथ्यावर आंबेखोर नावाचं गाव. गावदेव भैरोबा. चैत्रात जत्रा. पालखी निघते, घराघरासमोर थांबते. त्या पालखीच्या पुढच्या दांडीचा मान पाच घरांत फिरता — यंदा याचा, पुढच्या साली त्याचा. तुम्ही म्हणाल, मग येतो की पाळीनं! येतो — पण घराला येतो, माणसाला नाही. घरातला थोरला खांदा देणार आणि धाकट्यानं मागं गुलाल उधळत चालायचं!

हिंदुराव शेलार असाच धाकटा. पिठाची गिरणी चालवायचा. मिशी अशी की गिरणी बंद केली तरी मिशीतून पीठ पडायचं! आधी वडील, मग थोरला भाऊ — याचा खांदा आपला रिकामाच. भाऊ गेला, आणि यंदा पाळी आली हिंदुरावाकडं. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते. पुढच्या पाळीला खांदा राहील का नाही, कुणी सांगावं? म्हणून हा गडी महिनाभर पोतं खांद्यावर घेऊन गिरणीत फेऱ्या मारत होता, मंडळी! त्याची बायको हौसाबाई म्हणायची, "अवो, देव हाय त्यो, गव्हाचं पोतं न्हवं!"

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पाचही मानकरी पालखी काढायला देवळाच्या मागच्या खोलीत गेले. शंकर गुरवानं वरचं कापड उचललं — आणि काय! मखमली गादीवर, थेट देवाच्या जागी, मांजर! नुसतं मांजर नाही — बाळंतीण! पोटाशी चार पिल्लं, डोळे मिटलेले, उंदराएवढी! बरोबरच आहे की. वर्षभर पालखी अंधारात पडलेली, कुणी फिरकत नाही. आपण जत्रेपुरती आठवण काढतो, तिला निदान उपयोग तरी सुचला!

काठी दिसताच मांजर खिडकीतून पळाली. पिल्लं सुपात घालून पायरीवर ठेवली. ऊन चढत होतं. समोरच्या पिंपळावर कावळा येऊन बसला. आता ही न्यायची कुणी?

दया सगळ्यांनाच आली बरं का! दयेला काय लागतं? च्-च् केलं की झाली! पण तेवढ्यात गुरव म्हणाला, "ऐका. ही देवाच्या पालखीतली बाळंतीण. जो हिला घरात घेईल, त्याच्या घराला सोयर. बाराव्यापत्तूर देवाला शिवायचं न्हाई, आन् पालखीबी त्या दारात थांबायची न्हाई."

मांजरीचं सोयर कुठल्या पोथीत लिहिलंय? मी नाही वाचलं. गुरवानंही नव्हतं वाचलेलं! पण एवढं भलतं घडल्यावर आपण नियम सांगितला नाही, तर आपण गुरव कशाचे — ही त्याची पंचाईत. आणि मंडळी, ज्या नियमानं आपला त्रास वाचतो, तो आपल्याला किती पटकन पटतो! पवार म्हणाला, "आमच्याकडं कुत्रं हाय." सपकाळ म्हणाला, "आमच्या सूनबाईला मांजराच्या केसानं शिंका येत्यात." अरे, कालपर्यंत तुझी सूनबाई मांजर मांडीवर घेऊन मालिका बघत होती!

हिंदुराव तर मागंच सरकला. त्याचं मांजराशी तसंही वाकडं. आडवं गेलं की परत फिरून पाणी पिऊन निघायचा. गिरणी उशिरा उघडायची ती त्याच्यामुळं नाही, गावातल्या मांजरांमुळं! शेवटी ठरलं — सूप पिंपळाखाली ठेवायचं. "त्येंची आई बघून घेईल." आणि सगळे पालखी पुसायला आत गेले.

हिंदुराव मागं रेंगाळला. उद्यासाठी आणलेला नवा फेटा त्याच्या हातात होता. त्यानं सुपात डोकावलं. एका पिल्लाला बोट लावलं, जिवंत आहे का एवढंच बघायला. त्या आंधळ्या जिवानं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं! बोटाला पीठ, दुधाचा थेंब नाही, तरी चोखतंय! वर कावळा एक फांदी खाली आला.

हिंदुराव तिथंच खाली बसला. देवळाच्या दाराकडं बघून म्हणाला, "भैरोबा, ह्याच साली रं?" असं म्हणाला, आणि फेटा उलगडून त्यात चारही पिल्लं बांधून घेतली!

घरी हौसाबाई वाटच बघत होती. "फेटा कसा बसतोय, दावा की!"

"डोक्यावर न्हाई बसला," म्हणत त्यानं गाठोडं पुढं केलं.

सोयराचं कळलं तशी ती मटकन खालीच बसली. "मग म्हयनाभर पोती कशापायी वाहिलीसा?" मग तीच उठली आणि चुलीमागं टोपली मांडली. दुपारी मांजर माग काढत आली. पिल्लं हुंगली, मोजून घेतली, आणि हिंदुरावाकडं अशी बघायला लागली की जणू यानंच चोरली होती! उपकाराचं बक्षीस हे असं असतं, मंडळी. सवय ठेवा!

शेलारांच्या सोयराची बातमी रात्रीतच गावभर झाली. दुसऱ्या दिवशी ढोल वाजला. पालखी निघाली. पुढच्या दांडीला हिंदुरावाच्या जागी सपकाळ — छाती ही एवढी! दर घरापुढं पालखी थांबायची, बायका ओवाळायच्या. शेलारांच्या दाराशी आली आणि ढोल गप्प झाला. सोयराचं घर ना! थांबायचं नाही. हिंदुराव उंबऱ्याच्या आत हात जोडून उभा. ज्याच्यासाठी जन्मभर खांदा राखला, तो देव दारावरून चाललाय, आणि याला पाऊल टाकता येत नाही. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं.

आणि हौसाबाई कडाडली — "थांबा!"

पालखीला आडवीच गेली! मांजर आडवं गेलं तर पाणी पिऊन निघता येतं. हौसाबाई आडवी गेल्यावर काय प्याल?

"गुरवदादा, सोयर कुणाला लागतं वं?"

"ज्या घरात जलम झाला त्या घराला. आन् त्येच्या भावकीला."

"मग बाळंतपण कुठं झालं? माझ्या घरात का देवाच्या पालखीत?"

गुरव पागोटं सारखं करायला लागला.

"म्हंजी पहिलं सोयर भैरोबाला! मग त्येला बसवा की घरात, मिरवताय कशाला? आन् त्येच सोयर आमालाबी लागलं म्हणताय — मग आमी त्येची भावकीच झालो न्हवं? भावकीच्या दारात थांबायला लाज वाटतीया व्हय देवाला?"

गुरवानं पालखीकडं बघितलं, हौसाबाईकडं बघितलं, आणि हात जोडले. "चुकलो, आक्का." मग उंबऱ्याकडं वळून म्हणाला, "हिंदुराव, भाईर या. एका सोयरातली माणसं एकमेकांस्नी शिवत्यात."

सपकाळानं आपल्या खांद्यावरची, दांडीखालची कापडाची घडी काढून हिंदुरावाच्या खांद्यावर ठेवली. हिंदुराव दांडीला लागला! ओक्साबोक्शी रडत, बोडक्या डोक्यानं! फेटा कुठून असणार? त्याच्यावर बाळंतीण झोपली होती!

पुढं पिल्लं उड्या मारायला लागली, तसे सगळे मानकरी दारात हजर. "देवाचं पिल्लू आमालाच द्या!" सगळ्यांत पुढं कोण? सपकाळ! हौसाबाईनं विचारलं, "आन् सूनबाईच्या शिंका?" म्हणाला, "थांबल्या!" तिनं एकेकाकडून भैरोबाची शपथ घेतली — कसलीही जत्रा असो, कसलाही नियम असो, बाहेर काढायचं नाही — तेव्हाच पिल्लं हाती दिली. आई मात्र शेलारांच्या चुलीमागंच राहिली.

तर मंडळी, पालखी खांद्यावर घेणारा देवाच्या जवळ, यात खोटं काही नाही. पण दांडी उतरली की खांदेकरी घरी जातो. भावकी कुठं जाणार? तिला जन्म झाला तरी सोयर लागतं, मरण आलं तरी सुतक लागतं.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या जिन्याखाली, माळ्यावर, गाडीच्या आडोशाला कुणीतरी व्यालेलं असेलच. तुम्ही च्-च् केलं असेल. सोसायटीचा नियमही सांगितला असेल. मी रागावत नाही, मला फक्त एवढं सांगा — देवाच्या घरी आज एक आंधळं पिल्लू जन्मलं, तर त्याचं सोयर तुमच्या घराला लागतं का हो? खरं सांगा. लागत असेल, त्यांनीच टाळ उचला.

बघू या, किती वाजतात.