पुलापलीकडे

शेरीफच्या कचेरीत पिस्तुलाच्या परवान्यांची रांग रेंगाळली होती. ऑर्विलच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आज विचारतोच," म्हातारा बायकोला म्हणाला. "आपला पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सीत चालतो का."

"मागच्या खेपेलाही विचारलंत. नदीवरचा पूल ओलांडला की चालत नाही. सोबत नेलंत तर तुरुंग."

"कायदा बदलला असेल, वर्ना."

"कायदा आहे तिथंच आहे. पलीकडे लेकीचा पोर मात्र पाच वर्षांचा झाला. आजोबा म्हणून तुमचा फोटो दाखवतो लोकांना."

"पिस्तूल नसलं की मला उघडं-उघडं वाटतं गं."

"मग कोट घाला."

"पुढचे कोण?" खिडकीतून कारकून बाईंनी हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे," म्हातारा ऑर्विलला म्हणाला. "आमचं अजून ठरायचंय."

ऑर्विलने खिडकीतून एक कार्ड आत सरकवलं.

"बायकोचा परवाना परत करायचाय."

"याची मुदत तर अजून बरीच आहे."

"हो. याची आहे. तीच राहिली नाही."

बाईंनी कार्ड हळूच उचललं. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"वर्ना, पिस्तूल घरी ठेवून आत्ता निघालो, तर पोराच्या जेवणाआधी पोचू का गं?"