कुंकवाचे पाच मणी

देवापुढच्या कुंकवाचे डाग मी पितळेत कोरले. पाच डाग, चांगले खोल. आता बोला.

आम्ही मूळचे वणीकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी नाशकात आले आणि भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकायला लागले, लग्नातली पातेली, तांबे, डबे, छिन्नी आणि चिमुकली हातोडी, टिक टिक टिक, जन्मभर तेच. मला काय ते जमलं नाय, छिन्नी घसरायची. म्हणून आयटीआय केलं, अंबडला एका कारखान्यात मशीनवर लागलो, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी कोरायचं छोटं मशीन घेऊन घराच्या पुढच्या खोलीत बसलो. अण्णांचा हात तोवर थरथरायला लागलेला. म्हटलं, अण्णा, सोडा ती पायरी, आता मशीन कोरेल. त्यांनी सोडली. माझ्या भरवशावर सोडली, हे ध्यानात ठेवा, कारण माझं चाललं नसतं तर त्याच हातानं त्यांना परत पायरीवर बसावं लागलं असतं.

पहिलं मोठं काम आलं पिंपळगावहून. नाना म्हणून एक द्राक्षवाले, द्राक्षं निवडून खोक्यात भरायला नवं पॅकहाऊस बांधलेलं, दारावर पितळेची पाटी पाहिजे, वर द्राक्षाचा घड, खाली नाव. पाटी जमली तर खोक्यांवर मारायचे शिक्केपण तुमच्याकडंच, म्हणाले. घड त्यांच्या लेकीनं काळ्या शाईनं काढलेला, पाटीच्याच मापाचा एकच कागद. आता काय सांगू तुम्हाला, मशीनला चित्र कळत नाय, मशीनला वाट कळते. कागद स्कॅन करायचा, कॉम्प्युटर काळ्याच्या कडेकडेनं रेघ मारतो, त्या रेघेवरनं आपण कटरला सांगायचं, इथं उतर, एवढा खोल जा, इथनं उचल. त्यालाच टूलपाथ म्हणतात. कॉम्प्युटरला काळं तेवढं सगळं सारखंच. काय ठेवायचं, काय पुसायचं, ते बघायला माणूस बसवलेला असतो. माणूस म्हणजे मी.

तर नानांच्या आईनं शुभ काम म्हणून तो कागद देवापुढं ठेवलेला आणि पाची बोटं कुंकवात बुडवून घडाच्या खाली टेकवलेली. कागद हातात आला तेव्हा मी ते लाल बघितलं होतं, कपाळाला लावून नमस्कारसुद्धा केला होता. पण स्कॅन केला काळा-पांढरा, लालाचं झालं काळं, कागद गेला ड्रॉवरमध्ये, आणि चार दिवसांनी फाईल उघडली तर घडाखाली पाच ठिपके. म्हटलं वा, पोरीनं काय कल्पना काढलीय, घडातनं मणी ओघळतायत! कडा जरा फाटक्या होत्या, तर अर्धा दिवस बसून मी एकेक ठिपका गोल केला. आळस केला असता तर निदान डाग तरी दिसले असते. मी मेहनत केली.

नाना पाटी बघायला आले, आईला घेऊन. बघितलं आणि म्हणाले, हे काय हाय? म्हटलं मणी. कुठले मणी? म्हटलं, घडातनं गळालेले. नाना खालीच बसले. अहो, परदेशात जाणाऱ्या द्राक्षाचे मणी गळाले की माल नापास, मणीगळ हा शब्द कानावर आला तर द्राक्षवाला हातातला घास खाली ठेवतो, आणि मी तीच त्याच्या दारावर टांगायला निघालो होतो. लय बोलले मला. परवा मुहूर्त हाय माझा, ही पाटी घाल भंगारात, मी दुसरीकडनं करून आणतो.

तेवढ्यात म्हातारीनं हात पुढं केला. अंगठा एका मण्यावर, मग चारी बोटं. बरोब्बर बसली. म्हणाली, नाना, ही माझी बोटं हायेत रे, देवाचं कुंकू हाय हे, भंगारात नाय घालायचं.

कोपऱ्यातनं अण्णा म्हणाले, पत्रा जाड आहे, मागची बाजू कोरी आहे.

नानांनी एक दिवस दिला. मी परत पहिल्यापासून बसलो, शेजारी अण्णा, नाकावर चष्मा, हातात तो कागद. कॉम्प्युटरसमोर जन्मात पहिल्यांदा बसलेला माणूस, पण थरथरतं बोट स्क्रीनवर ठेवून सांगत गेला, हे ठेव, हे पूस, हा देठ आहे, ही घाण आहे. पाटी लागली मुहूर्ताला. घड रस्त्याकडं, पाच बोटं भिंतीकडं. शिक्केपण आले.

आता डोळे दुखतात हो. लोक लोगो आणतात, कुणी चुरगळलेल्या व्हिजिटिंग कार्डावर, कुणी चहा सांडलेल्या बिलाच्या पाठीवर, सगळ्यांना संध्याकाळपर्यंत पाहिजे, आणि मी एकेक ठिपका पुसत बसतो, वर्षानुवर्षं तेच. कंटाळा येतो, पण अण्णा पायरीवर नायत, माझ्या शेजारी खुर्चीवर आहेत, देवानं तेवढं निभावून नेलं. फक्त नवीन गिऱ्हाईक दारात आलं की मी तोंड उघडायच्या आत ते सांगतात, कागद झटकून द्या बरं का, आमच्याकडं माशी बसली तर तीही गोल करून कोरून मिळते.