छपराला भरतीची दोरी

ताई, मी मूळची उरणकडची, कोळ्याची पोर, बापाची होडी आणि आईची पाटी, आणि लग्न होऊन इकडं गव्हाणला आले म्हणजे काय, खाडीवरनं उठले आणि खाडीवरच बसले, पाणी तेच, चिखल तोच, नुसता दरवाजा बदलला. नाव माझं हिरा, पण पनवेलच्या बाजारात सगळे हिराबाय म्हणतात. तिथं म्हावरं विकायची माझी जागा सासूपासनंची हाय, ती कोणी घेऊन तर बघू दे. आमचा घरवाला होडीवर, होडी छोटी हाय पण आपली हाय म्हणून सगळा गाव त्याला नाखवा म्हणतो, मग मी पण नाखवाच म्हणते, नाव घ्यायला नको आणि भांडायला पण बरं पडतं. लेकरू आमाला एकच, रेश्मा. ती नवीन पनवेलला दिली, जावई नोकरीवाला, घर बिल्डिंगीत, वर स्लॅब, त्याच्या वर दुसऱ्याचं घर, त्याच्या वर आणखी कोणाचं, म्हणजे पोरीच्या डोक्यावर पाणी गळायचं तर आधी ती सगळी भिजायला पायजेत.

आमचं तसं नाय. आमच्या विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि समोर उघडी खाडी. ते पत्रे बांधले कोणी, तर नाखवाने. आमच्यात असंच असतं बघा, ज्याला होडी बांधता येते त्याला सगळं बांधता येतं असं तो धरूनच चालतो. जुनं जाळं पत्र्यांवर पसरलं, कडांना धोंडे लावले, वरनं आडवे दोर टाकले आणि भिंतीतल्या खुंट्यांना आवळले. गाठी बघाल तर अशा की सोडायला सुरी लागेल. गावातले येऊन बघून जायचे आणि म्हणायचे नाखवा, काय बांधलंय, आणि हा मिशीत हसायचा.

मग मागल्या साली वादळ आलं. भर दुपारी वारा फिरला, आधी पत्रे खडखड करायला लागले, मग एकदम दम धरल्यासारखे गप्प झाले, आणि मग काय सांगू तुमाला, मागल्या खोलीवरचं छप्पर उभं राहिलं. उभं म्हणजे उभंच, जाळ्यासकट, धोंड्यासकट. मी चुलीजवळ होते, वर बघते तर आभाळ. कोणाला लागलं नाय ही आईची कृपा, आमच्या एकवीरा आईची, पण सुकवून ठेवलेले बोंबील, गाद्या, रेश्माच्या लग्नातला शालू, सगळं चिखलात. पत्रे मिठागराकडनं उचलून आणले. आणि नाखवाने काय करावं, तर तेच पत्रे, तेच जाळं, परत तसंच बांधलं. म्हणतो कसा, दोर जुना होता म्हणून झालं, आता नवा घेतलाय.

मी तवा चालवून घेतलं. पण या साली रेश्माला दिवस राहिले. आता आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडं, सातव्यात ओटी भरली की पोर माहेरी आणायची, हे काय मी तुमाला सांगायला नको. मी तर डिंक आणून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. विहीणबाईंकडं बोलायला गेले, दिवस पावसाळ्यातच भरत होते. विहीणबाई बाई चांगली हाय हां, खोटं बोलणार नाय, चहा दिला, बटाटेवडे दिले, आणि मग हळूच म्हणाली, ताई, पद्धत आहे ते मला मान्य आहे, रेश्मालाही यायचंय, पण मागच्या वर्षी तुमचं छप्पर उडालं, ते मी विसरू शकत नाही. तान्हं मूल घेऊन ती त्या पत्र्याखाली राहणार, आणि इथे मला झोप लागणार नाही. बाळंतपण इकडेच करू, तुम्ही येऊन राहा.

मी येऊन राहू. त्यांच्या घरात, त्यांच्या सोफ्यावर, माझ्याच पोरीच्या बाळंतपणाला पाव्हणी. मला इतका राग आला की वडा हातातच राहिला, पण ती खोटं कुठं बोलत होती. परत येताना बसमध्ये मी रडले. राग विहिणीवर नव्हता, त्या छपरावर होता. आई असून लेकीला घरात घ्यायची लायकी नाय असं वाटलं, अगदी असंच वाटलं.

घरी आल्यावर नाखवाला सांगितलं, छप्पर दुसऱ्याकडनं करून घ्यायचं. तो म्हणाला, कोणाकडनं? त्या टेंपोवाल्यांकडनं? कारण वादळानंतर बाहेरनं माणसं येतात ना, टेंपोत पत्रे भरून, गावात फिरतात, एका दिवसात छप्पर टाकून देतो म्हणतात. माझ्या जावेने टाकून घेतलं. दिसायला निळं, चकचकीत, आणि पहिल्याच सरीला गळायला लागलं, आता फोन करते तर तो उचलतो कोण. मी म्हटलं, टेंपोवाला नको, मला असा माणूस पायजे ज्याला मी धरू शकते.

आणि तसा माणूस माझ्या डोळ्यांसमोर दर शुक्रवारी उभा राहायचा. हनीफभाई. पनवेलच्या मोहल्ल्यातला, सगळी उमर छपरं केली, अर्धी आखाती देशात आणि अर्धी इकडं, आणि म्हावऱ्याचा असा शौकीन की बोय ताजी हाय का विचारत नाय, माशाच्या डोळ्यात डोळा घालून बघतो. तोंडाने वाईट, सगळ्यांच्या कामाला नावं ठेवतो, पण मी विचार केला, हा माझ्याकडनं म्हावरं घेतो, याने केलेलं गळलं तर शुक्रवारी हा जाईल कुठं? सगळ्या बाजारात मी याची अब्रू काढीन. त्याला तसं तोंडावर सांगितलं पण. तो म्हणाला, हिराबाय, तू धमकी देतेस की काम देतेस? मी म्हटलं, दोन्ही देते.

आला. दारात चप्पल काढायच्या आधीच वर बघितलं आणि या अल्ला म्हणाला. शिडी लावून चढला, दोराला हात लावला, इकडनं उचलला, तिकडनं उचलला, आणि वरच हसायला लागला. खाली नाखवा उभा, त्याचं तोंड लाल. हनीफभाई म्हणाला, नाखवा, गाठ तर मी जन्मात मारू शकणार नाय अशी हाय, पण दोराला ही ढील कशाला ठेवली? नाखवा म्हणाला, ठेवायलाच पायजे, ताणून बांधलं तर भरतीला दोर तुटतो. आणि म्हणता म्हणताच थांबला.

हनीफभाई वरनं म्हणाला, भाई, घर भरतीला वर येत नाय.

ताई, मी पदर तोंडाला लावून हसले. इतकी वर्षं हा माणूस धक्क्याला होडी बांधतोय, हाताला सवयच ती, दोर बांधला की वीतभर सोडायचा, पाणी चढलं की होडी चढली पायजे. घराला पण त्याने तसंच बांधलं, आणि तेवढ्या ढिलाईत वारा शिरला, पत्रा आपटून आपटून शेवटी उचलला. आणि मला काय, मी पण कोळ्याचीच पोर, मला पण ते कधी खटकलं नाय, गावात कोणालाच खटकलं नाय. नाखवाने टोपी उचलली आणि खाडीवर निघून गेला. हनीफभाई खाली उतरून मला म्हणाला, रुसला काय? मी म्हटलं, तुमी चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी हनीफभाई सामान घेऊन आला तर नाखवा दारातच बसलेला. हनीफभाईने पण तोंड जरा आवरलं होतं, त्याला विचारलं, नाखवा, वादळात वारा इथं पहिला कुठनं लागतो, आणि फिरतो कुठं? आता हे विचारलं म्हणजे काय, नाखवा उठला, त्याला अंगणातल्या शेवग्यापाशी नेला, हात करून करून दाखवलं, इथनं सुरू होतो, ती खारफुटी आडवी झाली की समजायचं फिरला, मग असा कोपऱ्यावर येतो. हनीफभाई ऐकत राहिला. मग पत्र्यावर पत्रा चढवताना तोंडं सगळी वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवली, वारा वरनं घसरून जावा म्हणून, आत घुसायला फट नको. लाकडी वासे आधीच काढून लोखंडी पाईप टाकले होते, भिंतीत पार खाली गाडून, आणि पत्रे त्या पाईपला आकड्यांनी आवळले, रबराच्या चकत्या लावून. नाखवा खालनं आकडे देत होता आणि दर वेळी विचारत होता, घट्ट हाय? हनीफभाई म्हणायचा, घट्ट. दिवसभर दोघांचं हेच चाललेलं.

झालं सगळं, मग मला म्हणाला, हिराबाय, आत जाऊन बस, मी वरनं पाणी ओततो, गळलं तर ओरड, आणि शरमू नको. मी ओरडायला शरमू? आत बसले, मान वर करून, वरनं बादल्यांवर बादल्या, आणि देव्हाऱ्याजवळ टपकलं. मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. त्याने तो आकडा काढला, परत बसवला, परत पाणी. मग नाय गळलं.

मी नारळ आणला, आमच्यात छप्पर झाकलं की नारळ फोडतात आणि कारागिराच्या हातावर ठेवतात. हनीफभाईने हात मागं घेतला. म्हणाला, आज नको, ठेव तसाच, पहिला जोराचा वारा जाऊ दे, मग मी येईन तवा फोडा. मी सगळीकडं असंच करतो, काम माझं, पण पास झालं की नाय ते वाऱ्याने सांगायचं. मला जरा रागच आला, म्हटलं तुमालाच भरवसा नाय तर मी कसा धरू? तो म्हणाला, भरवसा हाय, मस्ती नाय.

मग तो नारळ देव्हाऱ्यात बसला. विहीणबाई येऊन छप्पर बघून गेली, पाईपला हात लावून बघितला, आणि हो म्हणाली, पण तोंडावर काळजी तशीच. रेश्मा आली, ओटी भरलेली, जड पावलांनी, आणि मी हसत होते पण येता-जाता त्या नारळाकडं बघत होते, कारण तो अजून फुटला नव्हता.

आणि वारा आला कवा, तर विहीणबाई बाळंतपणासाठी आधीच मेथीचे लाडू घेऊन आली त्याच दिवशी! सकाळी आली, जेवली, आणि निघायच्या वेळेला आभाळ खाडीवर असं उतरलं की जायचं नाव नको. खारफुटी आडवी झाली. नाखवा म्हणाला, फिरला. लाईट गेली. विहीणबाई रेश्माला भिंतीला चिकटवून बसली, हात धरून, आणि डोळे वर. मी पण वर बघत होते, कान लावून, ती खडखड कवा सुरू होते म्हणून. मागल्या साली आधी खडखड झाली होती ना. पाऊस पत्र्यावर असा पडत होता की आपलं बोललेलं आपल्याला ऐकू येईना, पण खडखड नाय. नाखवा खोलीच्या मधोमध उभा, दोन्ही हात वर करून पाईप धरून. मी ओरडले, आता तुमी धरून ठेवताय काय? तो म्हणाला, नाय, हलतो काय बघतोय. मग जरा वेळाने त्याने हात खाली घेतले. एक सोडला, मग दुसरा. म्हणाला, हलत नाय. आणि खाली बसून त्याने एक लाडू खाल्ला.

संध्याकाळच्या आत वारा पडला. बाहेर शेवगा मोडून पडलेला, जावेच्या निळ्या छपराचा कोपरा दुमडलेला, आणि आमच्या घरात जमीन कोरडी. विहीणबाई उठली, साडी नीट केली, परत एकदा वर बघितलं आणि म्हणाली, ताई, बाळ झालं, सव्वा महिना झाला, की लगेच पाठवायची घाई करू नका, राहू दे तिला. मी रडले, बसमध्ये रडले होते ना, ते तिथं फिटलं.

दुसऱ्या दिवशी हनीफभाई आला. शुक्रवार नव्हता. दारातनंच विचारलं, कुठं टपकलं? मी म्हटलं, कुठं नाय. तरी आत येऊन कोपरा न कोपरा बघितला, मग दात काढले. नारळ नाखवाने फोडला, पहिलं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं, आणि मी बोय दिली, डोळ्यात डोळा न घालता घेतली त्याने त्या दिवशी.

आता तो बघा पाळणा. नातू. पाळणा त्याच पाईपला टांगलाय, आजाने टांगलाय, गाठ त्याचीच, सोडायला सुरी लागेल अशी. खालची ओढायची दोरी पण त्यानेच बांधली आणि बांधून माझ्याकडं बघत राहिला, ताणू की सोडू. मी म्हटलं, नाखवा, या दोरीला पायजे तेवढी ढील द्या. तवापासनं तोच झुलवतो, माझ्या हातात दोरी देत नाय. बसा ताई, चहा घेऊन जावा, वारा सुटलाय बाहेर. सुटू दे, आपण आत हाव.