घरात न बोलायचा शब्द

नातीचं माधवनगरचं स्थळ का मोडलं, ते विचारताय ना? ऐका.

पाहुणे वडूजला मुलगी बघायला आले. मुलगा शिकलेला, नोकरीवाला. मलाही पसंत होता, घरात सगळ्यांनी होकार गृहीतच धरला होता. चहा येईपर्यंत तो क्रिकेटचं सांगायला लागला. म्हणाला, "परवा आमी कराडवाल्यांचा पार रेप केला."

मी विचारलं, "काय केलं?"

"आवं आजोबा, म्हंजे लय वाईट हरवलं. सगळी पोरं असंच बोलत्यात."

"मग हरवलं म्हण की."

त्याचा बाप हसला. "शब्दच हाय वो. सोडा."

तेवढ्यात नात चहा घेऊन आली. तिनं पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. बघण्याचे प्रश्न झाल्यावर मुलाचा बाप म्हणाला, "पोरी, तुला काय विचारायचं असलं तर विचार."

तिनं मुलालाच विचारलं, "मघाचा शब्द तुमी आईसमोर बोलता?"

"छे! घरच्या बायकांसमोर कसा बोलीन?"

"मी पडद्यामागंच हुते."

"तुमी अजून घरच्या कुठं झालाय?"

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

मी म्हणालो, "पाहुणं, चहा घ्या. गार होतोय."