देवीचं बोट

मंडळी, आख्यान सुरू होण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस विसरतो, विसरतो म्हणतात — तो विसरतो म्हणजे नेमकं करतो काय?

समोरचे आजोबा म्हणतात, वय झालं की विसरतो. बरं. चपला कुठं काढल्या ते विसरता ना आजोबा? आणि थोरल्याच्या लग्नात व्याह्यांनी मानपानाला दिलेला तो हलका शेला? त्याचा काठ कुठल्या रंगाचा होता? — बघा, हसले! काठासकट आठवतोय. मग वयानं काय फक्त चपलाच नेल्या?

आपण म्हणतो, मन म्हणजे गळका माठ. अहो, माठाला कशाला बदनाम करता? माठ प्रामाणिक असतो. गळायला लागला की सगळंच पाणी गळतं. आपलं मन निवडून गळतं. पाहुणे वेशीपाशी आले असं कळलं की घरधनीण काय करते? सगळा पसारा पलंगाखाली सारते, वरची चादर जमिनीपर्यंत ओढते आणि दारात उभी राहते — या, या, बसा. पाहुणा म्हणतो, काय टापटीप आहे हो वहिनींची! पलंगाखाली कोण बघतो?

आणि आठवणं? आपल्याला वाटतं, कणगीतून ज्वारी काढावी तशी आठवण निघते. ठेवली तशी मिळते. छे. आठवण म्हणजे कालची भाजी. रोज बाहेर काढायची, रोज नवी फोडणी द्यायची. आज थोडं तिखट, उद्या चिमूटभर गूळ, परवा वरून खोबरं. चार दिवसांनी मुळात वांगं होतं की दोडका, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. पण शपथ घ्यायला सांगा — घेते! वांगंच होतं म्हणते.

धरा काका, पेटी धरा —

मन झाडी अंगण देवा, केर सारी कोपऱ्यात,
लोक म्हणती लखलखीत, केर हसे आतल्या आत.

आता ऐका. वऱ्हाडात बोरखेडी नावाचं गाव. तिथं कौतिकाबाई. नावासारखीच बाई, कौतुक ऐकायला दोन्ही कान मोकळे ठेवून बसलेली. तिची कीर्ती कशाची? तर बिब्याची. बिबा ठाऊक आहे ना? काजूचा काळा भाऊ. दाभणाला टोचून निखाऱ्यावर धरला की चुरचुरतो आणि काळं तेल सोडतो. परीट त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. कापड विरून जाईल, खूण जायची नाही. आणि आपण शहाणी माणसं तेच तेल तान्ह्या लेकराच्या बेंबीभोवती टेकवतो! पोट फुगलं, लाव बिबा. रडतंय, लाव बिबा. एखाद्याला सोसतो. एखाद्याला उततो, म्हणजे कातडी फोडाफोडांनी भरते, तोंड सुजतं, डोळे मिटतात. पण उतलेल्याची गोष्ट सांगत कोण बसतो?

कौतिकाबाईच्या हाताला गुण आहे, असं पंचक्रोशी म्हणायची. ती स्वतः जरा जास्तच म्हणायची.

"माह्या लेकरायले सगळ्यायले बिबा लावला. एकाले तरी काही झालं का? विचारा वच्छलाले."

वच्छलाबाई म्हणजे शेजारीण. तिचं काम मान हलवायचं. ती हलवायची.

कौतिकाबाईचा धाकटा मुलगा उत्तम. त्याची बायको प्रणिता, बी.एस्सी. झालेली, बघणारी पोरगी. बघणारी म्हणजे कशी? दूध उतू जायच्या आधी गॅसपाशी उभी असणारी. सासूला आत्याबाई म्हणायची, आवाज चढवायची नाही, पण नजर हलवायचीही नाही. माहेरी बाळंतपण करून दोन महिन्यांची लेक घेऊन परत आली होती. झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायची. हसू नका बायांनो, तुम्हीही धरलंय.

तर या उत्तमच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, अंगठ्याएवढा काळा डाग. प्रणितानं लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं, "हे कशाचं हो?"

"देवीचं बोट," उत्तम म्हणाला. "मी तान्हा असताना लय आजारी पडलो. देवीनं येऊन बोट टेकवलं. तवा वाचलो."

"कुणी पाहिलं?"

"मले आठवते ना. हिरवं लुगडं होतं."

मंडळी, पोरगं तीन महिन्यांचं! त्याला आपल्या पायाचा अंगठा आपला आहे हे कळत नव्हतं, आणि लुगड्याचा रंग कळला. खोटं बोलत होता का? मुळीच नाही. इतक्यांदा ऐकलं होतं, की ऐकलेलंच पाहिलेलं झालं.

प्रणितानं आणखी एक ऐकून ठेवलं होतं. आत्याबाई ही गोष्ट पहिल्यांदा सांगत तेव्हा देवी स्वप्नात आली होती. पुढच्या खेपेला दारात आली. प्रणिताच्या लेकीच्या बारशाला सांगितलं तेव्हा देवी घरात येऊन पाटावर बसली होती आणि वच्छलाबाईनं तिला पाणी दिलं होतं! वच्छलाबाई मान हलवत होती. फोडणीवर फोडणी. आणखी वर्षभर गेलं असतं, तर देवी जेवून गेली असती.

आणि तिसरी गोष्ट. शेताच्या बांधावर बिब्याचं एक झाड होतं. उत्तम त्या झाडाखालून जायचा नाही. लांबचा वळसा घालायचा. गेलाच कधी, तर संध्याकाळी हात सुजायचे, अंग खाजायचं. घरचे काय म्हणायचे? "त्या झाडावर काहीतरी आहे. त्याले बाधते."

हो ना. झाडावर होता — बिबा!

खूण पोटावर, झाड बांधावर, सूज हातावर. आंधळ्यालाही गाठ मारता यावी. पण त्या घरात कुणी मारली नाही. का? गाठ मारली, तर कौतिकाबाईच्या कौतुकाचं काय?

प्रणितानं मारली. आणि पाळण्यातल्या लेकीकडं बघितलं. बापाला सोसत नाही ते लेकीला सोसेल कशावरून?

दुपारची वेळ. पोरगी दोन दिवस किरकिरत होती, पोट ढमढम वाजत होतं. प्रणिता मागच्या अंगणात लंगोट वाळत घालत होती. एकाएकी नाकाला वास आला. जळकट, तेलकट, घशात बसणारा. तिच्या हातातला चिमटा पडला. ती आत धावली.

आत काय? शेगडीत निखारे. कौतिकाबाई पाय पसरून बसलेली, पायांवर पोरगी उघडी, खाली पांढरं दुपटं. वच्छलाबाईनं पोरीचे पाय धरलेले. आणि कौतिकाबाईच्या हातात दाभण. दाभणाच्या टोकाला बिबा चुरचुरतोय.

"आत्याबाई, थांबा. डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"डाक्टरनं किती लेकरं वाढवले? मी वाढवले. एकाले काही झालं नाही."

"तिच्या बाबांना बिबा सोसत नाही."

"कोण म्हणते? त्याले मीच लावला होता. खणखणीत आहे."

वच्छलाबाई म्हणाली, "शिकेल सून करा म्हणे हौसेनं. आता घ्या."

प्रणिता पोरीला ओढून घेऊ शकत नव्हती. हिसकाहिसकी झाली, तर तेल पोरीवरच सांडायचं. दारात उत्तम उभा होता. तो काय करत होता? मंडळी, आई आणि बायको यांच्या मधे उभा नवरा जे करतो तेच. चौकटीला धरून उभा होता. चौकट पडेल अशी त्याला भीती वाटत असावी.

प्रणिता त्याच्याकडे वळली. अगदी हळू म्हणाली, "अहो, इकडं या. बसा. हात पुढे करा."

"काऊन?"

"आत्याबाई, आधी यांना लावा. एक थेंब. तुमचंच लेकरू आहे. तेव्हा काही झालं नव्हतं ना? मग आताही होणार नाही. यांना काही झालं नाही, तर पोरीला मी स्वतः धरते."

उत्तम हसत हसत बसला. बाही वर सारली. "लाव माय. होऊन जाऊ दे."

कौतिकाबाईनं दाभण उचलला. तिचा बिब्यावर भरवसा होता, हातावर होता, देवीवर होता. बिबा चुरचुरला. धूर वर आला. आणि त्या धुरात पुढे आलेला हात — तिच्या लेकाचा. किती बायांची लेकरं कौतिकाबाईच्या हाताखालून गेली होती. पण आपलं लेकरू समोर आणि बिब्याचा धूर नाकात, हे दोन्ही एकदम पुन्हा आलं नव्हतं. उत्तम तान्हा असतानाच्या त्या दिवसानंतर कधीच नाही.

हात थांबला. कुणी धरला नव्हता. तिच्या तोंडून निघालं,

"सरक मांगं. पुन्हा नाही रे बापा. पुन्हा नाही."

दाभणावरचा थेंब सुटला आणि टप्पकन खाली पडला, पोरीच्या मांडीशेजारी, पांढऱ्या दुपट्यावर. प्रणितानं पोरगी उचलली, छातीशी धरली, आणि मग विचारलं,

"पुन्हा म्हणजे, आत्याबाई?"

कौतिकाबाई निखाऱ्यांकडं बघत बोलायला लागली. आवाज तिचा नव्हता. कुण्या तरण्या, घाबरलेल्या आईचा होता.

"तोंड असं सुजलं होतं त्याचं. डोळे दिसत नव्हते. दूध ओढत नव्हता. चिंचेचा पाला वाटून लावला, खोबरं लावलं. पोटाची कातडी हाताले येत होती. सासू म्हणे, बाहेर सांगजो नको, देवीनं बोट टेकवलं म्हण. मी म्हटलं. म्हणत गेली." ती सुनेकडं वळली. "प्रणिता, मी खोटं नाही बोलत होती वं. मले खरंच वाटे, देवी आली होती."

मंडळी, इथं थांबा. यात भयंकर काय आहे? खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. तो वेळेवर घाबरेल तरी! जिनं खरं पलंगाखाली सारलं आणि स्वतःच पाहुणी होऊन घरात बसली, तिला कोण घाबरवणार? ती त्याच भरवशानं दुसऱ्या लेकरावर दाभण धरते. मन विसरलं होतं. हाताला आठवत होतं. अक्कल त्या हातालाच होती म्हणायची.

आणि वच्छलाबाई? ती काय म्हणाली असेल?

"मी तं तवाच म्हणत होती, बिबा नको लावा."

घ्या! देवीला पाणी देणारी हीच.

तुम्हाला वाटलं असेल, कौतिकाबाईला पश्चात्ताप झाला, डोळे पुसले, आख्यान संपलं. इतकं सोपं असतं, तर मला गावोगाव ओरडत का फिरावं लागलं असतं? दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "ते दुपटं फेक. डाग पडला, अपशकुनी दिसते." प्रणितानं तीनदा धुतलं. डाग तसाच. तिनं ते घडी करून ठेवलं.

पुढे उन्हाळा आला. गल्लीतली एक नवी सून रडतं बाळ घेऊन आली. "आजी, याले बिबा लावता का?" प्रणिता आतून ऐकत होती. कौतिकाबाई ओट्यावर बसलेली, भोवती चार बाया. कौतुकाची हवा सुटली होती.

"माह्या नातीच्या वक्ताची गोष्ट सांगतो," ती सुरू झाली. "आमची प्रणिता शिकेल आहे, पण तिलेच बिब्याची घाई. मीच तिले अडवलं..."

फोडणी बसली हो! वर्षही गेलं नव्हतं.

"...आता तुह्या लेकराची गोष्ट येगळी. याले सोसन. वच्छला, शेगडी आण."

प्रणिता भांडली नाही. तिनं पेटीतून दुपटं काढलं, बाहेर आली, आणि ओट्यासमोरच्या दोरीवर ते पसरलं. पांढऱ्या कापडावर मधोमध अंगठ्याएवढा काळा डाग. उत्तमच्या पोटावरचा होता, तेवढाच.

कौतिकाबाईनं वर पाहिलं. बाळासाठी पुढे केलेले हात मागे घेतले. बायांना कळेना. वच्छलाबाईनं मान हलवायचं थांबवलं.

"घेऊन जा लेकराले," कौतिकाबाई म्हणाली. "दवाखान्यात घेऊन जा. माह्यापाशी नको ठेवू."

ते दुपटं अजून त्या घरात आहे. बाई ओट्यावर गोष्ट सांगायला बसली की सून ते दोरीवर घालते.

आणि तुम्ही? हसलात ना कौतिकाबाईला? पोट धरून हसलात. आता घरी जाल, भाकरी खाल, आणि उद्या कुणी विचारलं, कीर्तनात काय झालं, तर सांगाल — वच्छलाबाई म्हणून एक होती, ती फार चांगली होती! म्हणून सांगते. तुमच्याही घरात एखादं देवीचं बोट आहे. ज्या गोष्टीत तुम्ही कायम शहाणे ठरता, ती गोष्ट आज एकदा उलटी करून बघा. ज्याच्या अंगावर ती उतली, त्याला विचारा. आणि तो सांगत असताना मान हलवू नका, ऐका.

देवा नारायणा, विसर पडू दे आमच्या पुण्याचा, शेल्याच्या काठांचा, मानपानाचा. पण आमच्या हातून जो डाग पडला, तो डोळ्यांसमोर दोरीवर राहू दे.